ऑटोमेशन-रोबोटिक्स इंजिनिअरिंग नागपुरात शिकावं का? लेकीचा ऑप्शन फॉर्म भरायचाय

पळसफूल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहिते आहे.

माझी मुलगी यंदा बारावी झाली. सीईटीत ९१ पर्सेंटाइल आहेत. चार-पाच दिवसांत कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा आहे आणि रोज रात्री जेवताना घरात हाच विषय. तिला ऑटोमेशन आणि रोबोटिक्स घ्यायचं आहे. तिचे बाबा म्हणतात मेकॅनिकल घे, सगळीकडे चालतं. माझे दीर पुण्याला आयटीत आहेत, त्यांचं म्हणणं कॉम्प्युटर सोडून दुसरं काही घेऊच नये. मी शाळेत मराठी शिकवते. मला या शाखांमधलं काही कळत नाही, पण मुलगी कळते.

मागच्या एप्रिलात तिने आमच्या कूलरला बझर बसवला होता. टबमध्ये तांब्याच्या दोन उघड्या तारा, नऊ व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर. पाणी तारांना टेकलं की बझर वाजायचा, मग आपण नळ बंद करायचा. पंधरा दिवस छान चाललं. एका दुपारी मी टबात पाइप सोडून पोळ्या करायला गेले आणि बझर वाजलाच नाही. हॉलभर पाणी. खाली ठेवलेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा भिजला. पाहिलं तर एक तार हिरवी पडून, झिजून तुटलेली. मी खूप चिडले. ती मात्र ती तार हातात घेऊन तासभर बसून होती. "आई, दोन्ही तारा सारख्याच होत्या, मग एकच का झिजली?"

तर प्रश्न असे. नागपुरात ही शाखा शिकण्यात अर्थ आहे का? नोकरीसाठी पुणंच गाठावं लागतं का? आणि कॉलेज बघायला गेलो तर नेमकं काय बघायचं?

बर्डीवाला
दिरांशी सहमत. ९१ ला ज्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल ते घ्या. रोबोटिक्स पुढे एमटेकला करता येतं.

संत्रागल्ली
ताई, ज्या पोट्टीनं कूलरले बझर लावला तिले कायले दिवसभर खुर्चीत बसवून ठेवता? तिले जे पायजे ते घेऊ द्या नं.

चार_ते_वीस
पळसफूलताई, मी हिंगणा एमआयडीसीत बावीस वर्षं कंट्रोल पॅनेल बनवतो आहे. आधी तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, शाखेचं नंतर बघू.

बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. पाण्यात बुडालेल्या दोन तारांपैकी जी धन टोकाला जोडलेली असते, तिचं तांबं पाण्यात विरघळत जातं. दुसरी तशीच राहते. म्हणून एकच झिजली. इलाज असा की तारा स्टेनलेस स्टीलच्या घ्यायच्या, आणि प्रवाह सतत चालू न ठेवता क्षणभर सोडून पाणी आहे का ते बघायचं.

आता दुसरी गोष्ट, आमच्या धंद्यात नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात सांगतात ती. तिच्या सर्किटमध्ये 'तार तुटली' आणि 'पाणी अजून भरलं नाही' या दोन्ही वेळी बझर गप्पच. मशीनला असं चालत नाही. मशीनवर लाल रंगाचं, छत्रीसारखं इमर्जन्सी बटण असतं ना, त्याच्या कॉन्टॅक्टमधून प्रवाह कायम वाहत असतो आणि बटण दाबलं की तो तुटतो. म्हणजे उद्या उंदराने वायर कुरतडली तरी मशीन थांबणारच. टाकीची पातळी सांगणारा ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये बोलतो. टाकी रिकामी असली तर ४, अर्धी असली तर १२, भरली तर २०. शून्यापासून सुरुवात का नाही? कारण शून्य आलं की कळलं पाहिजे, टाकी रिकामी झालेली नाही, वायर तुटली आहे. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय.

तिला सांगा, पाणी भरल्यावर उघडेल (म्हणजे प्रवाह तोडेल) असा, पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच लाव, त्याच्यापुढे रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि पाण्याचा व्हॉल्व्ह. तार तुटली तर पाणी बंद होईल, उत्तरपत्रिका भिजणार नाहीत. पण मग कूलर कोरडा पडेल आणि पंप जळू शकेल. म्हणजे दरवेळी ठरवावं लागतं की बिघडायचंच असेल तर कोणत्या बाजूला बिघडलेलं परवडेल. कूलर कोरडा पडला तर पंपावर भागतं. बॉयलर कोरडा पडला तर माणसं जातात. आमचा निम्मा वेळ हे ठरवण्यात जातो.

नोकऱ्यांबद्दल संध्याकाळी लिहितो, आता साइटवर निघालोय.

कऱ्हांडल्याची_वाट
हा प्रतिसाद आठवीतल्या मुलाला बोलावून वाचून दाखवला. तो आता घरातले कूलर मोजून राह्यला आहे.

फुटाळा
एक मुद्दा अजून कुणी काढला नाही. एमटेकसाठी आणि काही सरकारी कंपन्यांच्या भरतीसाठी जी गेट परीक्षा असते, तिच्यात रोबोटिक्स नावाचा पेपरच नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, कॉम्प्युटर यांतला एखादा निवडून द्यावा लागतो. आणि सरकारी भरतीच्या जाहिरातीत शाखांची नावं छापलेली असतात, तिथे पदवीवर नेमकं काय लिहिलंय ते बघतात.

माझ्या भाच्याची पदवी मेकॅट्रॉनिक्सची. दुसऱ्या राज्यातल्या एका ठिकाणी लेखी परीक्षा उत्तम मार्कांनी पास झाला. कागदपत्रं तपासायच्या दिवशी त्याला 'समकक्षतेचं पत्र आणा' म्हणून परत पाठवलं. इथल्या कॉलेजातून ते पत्र मिळेपर्यंत मुदत निघून गेली. अभ्यासात कमी पडला असता तर इतकं वाईट वाटलं नसतं. दोन वर्षं झाली, बहिणीच्या घरी अजून त्या दिवसाचा विषय निघाला की कुणी जेवत नाही.

नागपुरात वेकोलि (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं असल्यामुळे बऱ्याच घरांत मुलाने अशा ठिकाणी लागावं असं वाटत असतं. तुमच्या घरात तसं काही असेल तर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलच घ्या. तिच्या बाबांचं बरोबर आहे.

अमरावती_रोड
मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. फुटाळा यांचा मुद्दा खरा आहे आणि पालकांनी तो हसण्यावारी नेऊ नये. प्रवेशाच्या वेळीच कॉलेजला विचारा की ही शाखा मेकॅनिकलच्या समकक्ष धरली जाते का, आणि तसं पत्र लगेच मिळतं का. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

आता अभ्यासाविषयी. 'ऑटोमेशन आणि रोबोटिक्स', 'रोबोटिक्स आणि एआय', 'मेकॅट्रॉनिक्स' ही नावं जवळची वाटतात, पण प्रत्येक कॉलेजच्या विषयांच्या यादीत बराच फरक असतो. कुठे यंत्रांचे विषय जास्त, कुठे प्रोग्रॅमिंग जास्त. यादी मागून घ्या आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रातले विषय बघा. त्यात इलेक्ट्रिकल मशीन्स, कंट्रोल सिस्टिम्स आणि यंत्रांची गतिकी हे तिन्ही आहेत का? यांतला एखादा गाळून वर तीन-चार चकचकीत नावांचे विषय रचले असतील तर मला ती यादी आवडणार नाही.

आणि गणित. मुलांना वाटतं रोबोटिक्स म्हणजे स्क्रू आणि मोटर. सहा सांध्यांचा हात हवेतल्या एका बिंदूवर पोचवायचा तर प्रत्येक सांधा किती अंश फिरवायचा, हे मॅट्रिक्सशिवाय काढता येत नाही. डेनाविट आणि हार्टेनबर्ग यांनी १९५५ साली प्रत्येक सांध्याचं वर्णन चार आकड्यांत करायची पद्धत दिली, ती आजही आम्ही फळ्यावर शिकवतो. वर्गात मी मुलांना उभं करते आणि म्हणते, डोळे मिटा आणि उजव्या हाताने डाव्या कानाची पाळी धरा. मग विचारते, खांदा किती अंश वळला, कोपर किती, मनगट किती? सगळे कान धरून गोंधळात उभे असतात. तिथून धडा सुरू होतो. तुमच्या मुलीला बारावीचं गणित मनापासून आवडलं का, हे तिला एकदा विचारा.

पळसफूल
मॅडम, विचारलं. सदिश आवडले, इंटिग्रेशन आवडलं नाही म्हणते. आणि आता आमच्या घरात तिघं कान धरून फिरत आहेत.

गोंदियाकर
आमची राइस मिल आहे, त्यामुळे या शाखेबद्दल मला पलीकडच्या बाजूने बोलता येईल. आमच्यासारख्यांना इथे माणूस मिळत नाही.

आमच्याकडे कलर सॉर्टर आहे. तांदूळ उतरत्या पन्हाळीतून एकेक दाणा सुटा होत खाली पडतो, पडता पडता कॅमेरे त्याला बघतात, आणि दाणा काळा-पिवळा दिसला की नळीतून हवेचा फटका बसून तो बाजूच्या डब्यात जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे होतं. मशीन बंद असताना हाताने एक झडप उघडून पाहा, फट् असा बारीक आवाज येतो. चालू असताना अशा शेकडो झडपांचा मिळून पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. मी रोज ऐकतो तरी दोन मिनिटं थांबतोच.

ऐन हंगामात एकदा चांगला तांदूळही बाहेर फेकायला लागला. कंपनीचा माणूस यायला तीन दिवस. शेवटी कारण निघालं कंप्रेसरच्या हवेतला ओलावा. ड्रायर नीट चालत नव्हता, झडपांत पाणी जाऊन त्या उशिरा मिटत होत्या. फटका लांबला की मागून येणारा चांगला दाणाही उडतो. कॅमेरा, प्रोग्रॅम सगळं ठीक होतं. हवा, वीज आणि प्रोग्रॅम या तिन्हींत बोट घालू शकेल असा एक मुलगा भंडारा-गोंदियात असता तर आमच्यासारख्या दहा मिलवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं.

नवेगावबांध
गोंदियाकर, राग मानू नका, पण हे मशीन यायच्या आधी तांदूळ निवडायला बाया होत्या ना? माझी मावशी जायची. त्यांचं काय झालं?

गोंदियाकर
राग कसला, प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे चौदा जणी होत्या. चौघी आता पोती भरण्याच्या आणि वजनाच्या कामावर आहेत. बाकीच्या रोवणी-कापणीला जातात, काहींना बाराही महिने काम नसतं. मशीन घेतलं नसतं तर बाजारात आमचा तांदूळ उभा राहिला नसता, हेही खरं. पण त्या दहा जणींच्या घरचा पैसा गेला आणि त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

अमरावती_रोड
हा प्रश्न मी पुढच्या सत्रात वर्गात मांडणार आहे. आकडेमोडीतून हा प्रश्न सुटणारा नाही, पण मुलांना तो ठाऊक तरी असावा.

चार_ते_वीस
साइटवरून आलो. आता नोकऱ्या.

रोबो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गाडीच्या कारखान्यातला नारिंगी हात येतो. तसे हात बघायचे तर पुणे-चाकणच, ते खरं आहे. बुटीबोरी, हिंगणा, मिहानमध्ये काही आहेत, पण मोजके. विदर्भातलं ऑटोमेशन वेगळं आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं आहे, तिथे कोळसा, पाणी, वाफ, हवा यांचे हजारो सिग्नल नियंत्रण कक्षात येतात. गडचांदूरच्या बाजूला सिमेंटचे कारखाने. गोंदियाकरांच्या राइस मिला. वर्धा-यवतमाळकडे जिनिंग. संत्र्यांची प्रतवारी करणारी यंत्रं. इथे हात फिरवणारा रोबो नसतो, पण सेन्सर, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र), पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) सगळीकडे आहेत आणि ती बंद पडतात.

बंद का पडतात ते सांगतो. जिनिंगमधे कापसाचा भुगा पॅनेलच्या पंख्याच्या जाळीवर गोधडीसारखा बसतो. आत हवा जात नाही. बऱ्याच ड्राइव्हची पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंत धरलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ असतं, बंद पॅनेलच्या आत तर विचारू नका. दुपारी दोन वाजता ड्राइव्ह ट्रिप, रात्री सगळं सुरळीत. एका मिलमधे तर दोन ड्राइव्ह बदलून झाल्यावर मला बोलावलं होतं. मी जाळी काढून झटकली आणि पॅनेल भट्टीकडच्या भिंतीपासून हलवायला लावलं. पुस्तकातल्या युरोपात ४५ अंश नसतात, हे इथल्याच मुलाला सुचतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की शाखेला रोबोटिक्स म्हणा की आणखी काही, पोरीला वीज नीट आली पाहिजे. मल्टिमीटर हातात धरून भीती न वाटता पॅनेल उघडता आलं पाहिजे.

बर्डीवाला
चार_ते_वीस, तुमचं पटतंय. पण पगाराचं बोला ना. पहिल्या नोकरीत आयटीवाला पुढे असतो की नाही?

चार_ते_वीस
बहुतेक वेळा असतो. पहिली दोन-तीन वर्षं आमच्याकडे पैसे कमी आणि पायपीट जास्त. त्यानंतर ज्याला फॉल्ट शोधता येतो त्याला कुणी सोडत नाही. ज्याला येत नाही तो मात्र तिथेच राहतो, हेही सांगायला हवं.

लोकमान्यनगर_शेवटचा_थांबा
मी आयटीआय, मग पॉलिटेक्निक, मग डायरेक्ट सेकंड इयर असा आलो. सध्या तिसऱ्या वर्षाला आहे, याच शाखेत.

माझे वडील इलेक्ट्रिशियन आहेत. पीएलसीचा लॅडर प्रोग्रॅम (शिडीसारख्या आकृतीत काढतात तो) मी पहिल्यांदा लॅपटॉपवर काढला तेव्हा ते मागे उभे होते. म्हणाले, हे तं माझंच ड्रॉइंग आहे बे, आडवं कायले केलं? नंतर वर्गात कळलं की गोष्ट खरीच तशी आहे. १९६८ साली जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेली कपाटं नकोशी झाली होती, दरवर्षी गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग बदलावं लागायचं. त्यातून १९६९ ला मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. आणि कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियन लोकांना वाचता यावं म्हणून प्रोग्रॅमची भाषा रिलेच्या ड्रॉइंगसारखीच ठेवली. त्या दिवसापासून बाबा माझे प्रोग्रॅम तपासतात. चुका काढतात पण.

ताई, बारावीवरून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी हातात काही मिळत नाही, सगळं कॉमन असतं. तिला सांगा, थांबू नको. आयआयटी मुंबईची ई-यंत्र ही रोबोंची स्पर्धा आहे, एनपीटीईएल या संकेतस्थळावर व्याख्यानं फुकट आहेत, कोडेसिस नावाचं सॉफ्टवेअर संगणकावर टाकून पीएलसी न घेताही लॅडर चालवून बघता येतो.

जंगलजिम
ई-यंत्र वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या वेळी सगळा जीव रोबोकॉन या रोबो स्पर्धेत. २०१४ चं आठवतं, त्या वर्षी आशियाई-प्रशांत स्पर्धाच पुण्याला होती. एक पालक रोबो आणि एक बाळ रोबो. पालकाने बाळाला सी-सॉवर बसवायचं, खांबांवरून चालवायचं, झोका द्यायचा, जंगल जिमवर चढवायचं. देशातली फेरी बालेवाडीला होती. आम्ही नागपूरहून रेल्वेने निघालो, बाळ रोबोला चादरीत गुंडाळून वरच्या बर्थवर ठेवलं होतं. अकोल्याला एका आजींनी विचारलं, लेकरू कोणाचं आहे, रडत कसं नाही?

होस्टेलच्या मेसमधे सहा महिने, रात्री जेवणं आटोपली की टेबलं सरकवून सराव केला होता. मैदानावर बाळ दोन खांब चाललं आणि तिसऱ्यावर थिजलं. कनेक्टरची एक पिन प्रवासात हलून ढिली झाली होती. निघायच्या आधी प्रत्येक कनेक्टर दाबून बघायचं काम माझ्याकडे होतं आणि मी शेवटचे चार बघितले नव्हते. कुणी मला बोललं नाही. परतीच्या गाडीत कॅप्टनने चुपचाप एक वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'प्रवासानंतर : सर्व कनेक्टर'. ती वही पुढच्या तीन बॅचनी वापरली.

चाकणची_नागपूरकर
ताई, मी त्रिमूर्तीनगरची. आठ वर्षं झाली रोबो कमिशनिंगमध्ये, म्हणजे कारखान्यात नवे रोबो बसवून चालू करून देण्याच्या कामात. मुलीसाठी विचारताय म्हणून सविस्तर लिहिते.

काम आवडतं, खूप. मला पहिला दिवस लख्ख आठवतो. रोबोला शिकवायला हातात पेंडंट (बटणांचा रिमोट) देतात. त्याच्या मागे एक स्विच असतो, तो बोटांनी मधोमध दाबून धरला तरच रोबो हलतो. सोडला तर थांबतो. आणि घाबरून मूठ आवळली तरीही थांबतो. कारण माणूस घाबरला की एकतर हातातलं टाकतो किंवा घट्ट आवळतो, दोन्ही धरून तो स्विच बनवलाय. शिकवताना वेगही सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. पहिल्यांदा तो हात माझ्याकडे वळला तेव्हा मी आवळलाच, आणि दीडशे किलोचं लोखंड माझ्यापासून हातभर अंतरावर जागच्या जागी उभं राहिलं. सिनियर म्हणाले, बरोबर केलंस. आता परत घे.

अडचणीही सांगते. रात्रीच्या शिफ्ट असतात, कारण उत्पादन थांबवून काम करावं लागतं. काही ठिकाणी शॉप फ्लोअरवर बायकांचं स्वच्छतागृह अर्धा किलोमीटर लांब. सुरुवातीला एका ठिकाणी ऑपरेटर मला न विचारता माझ्याबरोबरच्या मुलाला विचारायचे. महिनाभरात ते बदललं, पण तो महिना कठीण होता. घरून पाठबळ असलं की निभतं.

आता कॉलेज बघण्याचं. माझ्या कॉलेजात (नाव लिहीत नाही) रोबो होता, काचेच्या पिंजऱ्यात. चार वर्षांत आम्ही तो तीनदा हलताना पाहिला, तिन्ही वेळा पाहुणे आले होते म्हणून. तेव्हा तुम्ही गेलात की रोबो किती लाखांचा हे विचारू नका. बहुतेक कंट्रोलरमध्ये तो किती तास चालला ते दिसतं, ते दाखवा म्हणा. आणि पेंडंटच्या बटणांवरची अक्षरं पुसट झाली आहेत का ते बघा. नव्यासारखी करकरीत असतील तर मुलांनी त्याला हात लावलेला नाही.

संत्रागल्ली
मुठीत आवळला तरी थांबतो! हे ज्यानं शोधलं त्याला तर्री पोहे आपल्याकडून.

फुटाळा
चाकणची_नागपूरकर, छान लिहिलंत. माझं मत बदललेलं नाही, पण भाच्याला तुमचा प्रतिसाद पाठवलाय. तो मेकॅट्रॉनिक्सवाला आहे, सरकारीच्या नादात दोन वर्षं घरी बसलाय. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर चालेल?

चाकणची_नागपूरकर
आजच करायला सांगा.

पळसफूल
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस मी आणि लेक दोघी कॉलेजं बघत फिरलो. नावं लिहीत नाही.

पहिल्या ठिकाणी इमारत सुंदर, एसी लॅब, मोठा रोबो. त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं. तास किती चालला विचारलं तर म्हणाले किल्ली विभागप्रमुखांकडे आहे, ते रजेवर आहेत. समकक्षतेच्या पत्राचं विचारलं तर "होऊन जाईल मॅडम" म्हणाले.

दुसऱ्या ठिकाणी पंखे सुद्धा धड नव्हते. रोबो एकच, शाळेच्या दप्तराएवढा. पण पीएलसीचे सहा संच, टेबलभर वायरींचा गुंता, बटणांवरची अक्षरं पार उडालेली. तिथे लॅबमधले एक सहायक होते, पन्नाशीचे असतील, खिशाला टेस्टर. छोटा कन्व्हेयर चालू होता. लेकीने त्यांना विचारलं, "काका, यातली तार तुटली तर काय होतं?" ते तिच्याकडे बघतच राहिले. मग काही न बोलता स्क्रू ढिला करून चालू कन्व्हेयरची एक वायर ओढून काढली. पट्टा थांबला. ती वायर परत लावून त्यांनी दुसरी काढली, तर पट्टा चालतच राहिला आणि डबे पलीकडे धडाधड पडले. म्हणाले, "हे मी मुद्दाम चुकीचं जोडून ठेवलंय. दरवर्षी पोरं येतात, कोणाले सापडते कोणाले नाही. तुले का वाटते, कुठं चुकलं?" मी बाहेर बाकावर बसले. एक तास दहा मिनिटांनी बाहेर आली, बोटं काळी करून.

समकक्षतेचं पत्र कसं असतं त्याचा नमुना त्यांच्या कार्यालयाने लगेच दाखवला. तिच्या बाबांना फोटो पाठवला, त्यावर त्यांचं समाधान झालं. फॉर्म भरला. पहिली पसंती तिथलं ऑटोमेशन-रोबोटिक्स, दुसरी एका कॉलेजचं इलेक्ट्रिकल, तिसरी मेकॅनिकल. दीर अजून फोनवर नीट बोलत नाहीत.

अमरावती_रोड
पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप पक्की होते, एवढं लक्षात असू द्या. मनात शंका असेल तर फॉर्म कायम करण्याआधीच क्रम बदला.

पळसफूल
शंका नाही मॅडम.

चार_ते_वीस
त्या सहायकांना माझा नमस्कार सांगा. आणि फ्लोट स्विचचं काय झालं?

पळसफूल
ते तिलाच लिहू देते.

काका, मी लिहिते आहे. बाहेर पाऊस आहे पण कूलर माळ्यावरून खाली काढला. बर्डीवरून फ्लोट स्विच, बारा व्होल्टचा रिले आणि व्हॉल्व्ह आणला. पाणी भरलं की स्विच उघडतो, रिले पडतो, पाणी बंद होतं. तार काढून पाहिली, तरी बंदच होतं. पण टबातलं पाणी हिंदकळलं की रिले टकटक टकटक करतो, व्हॉल्व्ह सारखा चालू-बंद होतो. स्विच वर-खाली सरकवून पाहिला, फरक नाही. काय चुकलं?

चार_ते_वीस
काही चुकलेलं नाही. तू एकाच रेषेवर चालू आणि बंद दोन्ही ठरवते आहेस, म्हणून लाट आली की त्याला कळत नाही. दोन फ्लोट लाव. वरचा पाणी भरल्यावर उघडेल असा, खालचा पाणी उतरल्यावर जुळेल असा. मधे चार बोटं अंतर ठेव. खालच्याने रिले उचलायचा (चालू करायचा), मग रिलेचाच एक कॉन्टॅक्ट खालच्या फ्लोटला समांतर जोडून त्याला धरून ठेवायचा, आणि वरचा फ्लोट त्या सगळ्याच्या सिरीजमध्ये. मशीनचं स्टार्ट-स्टॉप बटणाचं सर्किट हेच असतं. आधी कागदावर लॅडर काढ आणि फोटो इथे टाक, वायर नंतर जोड. आणि दोन्हींपैकी कोणती तार तुटली तर काय होईल, ते फोटोखाली लिही.